झेन्याटा

आज दुपारी इंदूरला, सुदामानगरच्या घरी, काकांबरोबर झेन्याटाच्या जुन्या शर्यती पाहिल्या. अजून अंगावर काटा आहे! ही अमेरिकन घोडी सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहायची आणि शेवटच्या वळणावर एकेकाला गाठत सुटायची. २००९ मध्ये सांता अनिता रेसकोर्सवर तिने ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली. त्याआधी एकाही घोडीला ते जमलं नव्हतं. २० शर्यती, १९ विजय. हरली ती फक्त शेवटची, २०१० मध्ये चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर, ब्लेम नावाच्या घोड्याकडून, तेही जेमतेम डोक्याच्या अंतराने. काका हळहळले, "अगं, अजून चार ढांगा मिळायला हव्या होत्या." जॉकी माइक स्मिथने तर रडत सगळा दोष स्वतःवर घेतला. त्या वर्षीचा 'हॉर्स ऑफ द इयर' किताब मात्र तिलाच मिळाला, आणि तिचाच हक्क होता तो.