तोर्चेलोपासून सेंट मार्कपर्यंत: व्हेनिस आणि बेटांचा एक दिवस

व्हेनिससाठी एकच दिवस हाताशी असला की बहुतेक प्रवासी स्थानकातून थेट सेंट मार्क चौक गाठतात आणि वेळ उरलाच तर जवळच्या मुरानो बेटावर जाऊन येतात. आम्ही हा क्रम उलटा केला आणि सर्वांत दूरच्या तोर्चेलो बेटापासून सुरुवात केली. पुढे जाणाऱ्यांनाही मी आग्रहाने हेच सुचवेन, कारण चौकातले वैभव कुठून उगवले ते तोर्चेलो पाहिल्यावरच उमगते.

आमचा मुक्काम मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे येथे होता. तिथून खाडीवरच्या, १८४६ साली खुल्या झालेल्या रेल्वे पुलावरून व्हेनिसचे सांता लुचिया स्थानक दहा-बारा मिनिटांवर आहे. वापोरेत्तो, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटी, यांचे ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंना आणि २४ तासांचा पास २५ युरोंना मिळाला. बेटे पाहायची असतील तर पासच घ्यावा आणि बोटीत चढण्यापूर्वी दर वेळी तो धक्क्यावरच्या यंत्राला लावावा, अन्यथा दंड होतो. काही ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते, त्यामुळे निघण्यापूर्वी तारखा अवश्य तपासाव्यात.

स्थानकापासून फोंदामेंते नोवे धक्का चालत अर्ध्या तासावर आहे. तिथून १२ क्रमांकाची बोट निघते. सान मिकेले या दफनभूमीच्या बेटाची विटांची भिंत मागे पडली की उथळ पाण्यात जागोजागी एकत्र बांधलेले लाकडी खांब दिसू लागतात. बोटींची खोल वाट ते दाखवतात. त्या वाटेबाहेर गेलेली बोट गाळात रुतू शकते.

मुख्य भूमीवरच्या आक्रमणांना कंटाळून लोक या खाजणात येऊन वसले. तोर्चेलोचे सांता मारिया अस्सुंता हे चर्च ६३९ सालचे. एके काळी गजबजलेले हे बेट गाळ आणि हिवतापामुळे ओस पडले आणि इथल्या इमारतींचे दगड-विटा व्हेनिसमधल्या बांधकामांसाठी नेल्या गेल्या. धक्क्यापासून कालव्याच्या काठाने, कठडे नसलेल्या एका जुन्या पुलावरून चर्चपर्यंत दहा मिनिटे चालावे लागते. आत वेदीमागच्या अर्धगोलात मोझेकमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक तुकड्यांच्या चित्रात, सोनेरी पार्श्वभूमीवर बाळ येशूला घेऊन एकटी उभी असलेली मेरी आहे. तिच्याभोवती काहीच नसल्यामुळे नजर तिच्यावरून हलत नाही. समोरच्या भिंतीवर, ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंती होणाऱ्या अंतिम न्यायाचे प्रचंड मोझेक आहे, ज्यात कवट्यांच्या खोबण्यांतून साप वळवळताना दिसतात. इथे निदान पाऊण तास ठेवावा.

बुरानो तिथून बोटीने पाच मिनिटांवर. रंगीत घरांची छायाचित्रे सगळेच काढतात, परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते लेसचे संग्रहालय. आम्ही गेलो तेव्हा एक वृद्ध बाई मांडीवरच्या उशीवर सुईने टाके घालत बसल्या होत्या. बराच वेळ पाहिले, तरी नखाएवढेसुद्धा काम पुढे सरकले नाही. पारंपरिक पद्धतीत एकच नक्षी अनेक बायकांच्या हातून जाते, कारण प्रत्येकीचा टाका वेगळा असतो. हे पाहिल्यावर दुकानातली स्वस्त लेस यंत्रावरची असणार, हे सांगावे लागत नाही. बुस्सोला नावाची इथली गोल बिस्किटे छान असतात, मात्र त्यांत अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

मुरानोला आम्ही तासभरच दिला. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसमधल्या काचेच्या भट्ट्या इथे हलवल्या गेल्या. एका भट्टीत कारागिराने लालबुंद गोळ्यातून चिमट्याच्या सात-आठ ओढींत घोडा उभा केला. प्रात्यक्षिकानंतर दुकानात आग्रह होतो, परंतु खरेदीची सक्ती नसते.

सेंट मार्कच्या चर्चचे तिकीट आधीच काढून ठेवावे आणि चारच्या आत पोहोचावे. खांदे व गुडघे झाकलेले हवेत, मोठी पिशवी आत नेता येत नाही. वरच्या संग्रहालयात १२०४ च्या स्वारीत कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, लुटून आणलेले चार ब्राँझचे मूळ घोडे आहेत, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. छताचे सोने पाहताना मला सकाळची एकाकी मेरी आठवत राहिली: तेच सोने, तीच बारीक काच, फक्त इथे रिकामी जागा कुठेच उरलेली नाही.

परतताना चालत जाऊ नये. चौकाजवळच्या धक्क्यावरून १ क्रमांकाची बोट धरावी. ती रिआल्तो पुलाखालून, महालांच्या पायऱ्यांना जवळजवळ घासत, पाऊण तासात स्थानकावर सोडते. दिवेलागणीची वेळ साधावी आणि जागा मिळाली तर बाहेरच बसावे.