गांडुळांचा डबा आणि सातवीचा विज्ञान प्रकल्प

नातीच्या शाळेतून सुट्टीचा विज्ञान प्रकल्प आला. पोषण, सांगाडा आणि गांडूळखत, तिन्ही त्यात एकदमच. सूनबाई म्हणाली, खजुरी बाजारातून तीन तक्ते आणू, नावं लिहू, झालं. मी निवृत्त माणूस, हाताशी वेळच वेळ. म्हटलं, तक्ते नकोत, डबाच करू.

पहिली हरकत नातीनंच घेतली. "आजोबा, ओला कचरा तर गाडी घेऊन जाते!" खरंच आहे. इंदूरात ओलं-सुकं वेगळं करायची सवय आता हाडात मुरली आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये देवगुराडियाला दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला आणि तो गॅस शहरातल्या बसगाड्यांत जातो. पण गाडीत टाकलेल्या सालाचं पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही. मला तिला तेच दाखवायचं होतं: खाल्लेलं जातं कुठे?

खंडवा रोडवरच्या एका रोपवाटिकेतून गांडुळं आणली, अंदाजे अर्धा किलो. बागेतली माती उकरून काढलेली चालत नाहीत. ती जमिनीत खोल बिळं करून राहणारी, डब्यात टिकत नाहीत. खतासाठी लागतात ती बारीक, तांबूस, कुजक्या पाल्यात वरच्यावर राहणारी जात, आयसेनिया फेटिडा. रोपवाटिकावाल्यानं एक गोष्ट निक्षून सांगितली: "बाबूजी, गोबर पुराना लेना." ताजं शेण कुजताना तापतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि गांडुळं मरतात.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण इंदूरकराला ते केल्याशिवाय राहवत नाही. कंपोस्टच्या जगात 'इंदूर पद्धत' प्रसिद्ध आहे. ती बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे होते, आज कृषी महाविद्यालय आहे त्याच जागेतल्या संस्थेत. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे, पण हॉवर्डचं नाव घेणारे वाडांचं फारसं घेत नाहीत. त्या पद्धतीत पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून ढीग उलटापालटा करतात आणि तीनेक महिन्यांत खत होतं. ढीग आतून साठ अंशांच्या वर तापतो, म्हणजे त्यात गांडुळं सोडली तर शिजतील. दोन्ही रीती चांगल्या, पण एकाच डब्यात एकत्र करायच्या नाहीत.

आमचा डबा म्हणजे जुना प्लास्टिकचा टब. बुडाला आणि बाजूंना भोकं, खाली ताट. आत नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, कागदाचे तुकडे, मग जुनं शेण, आणि वर ओलं गोणपाट. मुंग्या लागू नयेत म्हणून टबाखालच्या चारही विटा पाण्याच्या वाट्यांत ठेवल्या. गांडुळं वर पसरली तर उजेड टाळत ती बघता बघता खाली शिरली.

खायला काय द्यायचं यावर घरात खल झाला. दुधी-दोडक्याची सालं, केळीची सालं, धुतलेला चहाचा चोथा चालतो. लिंबू, लोणचं, तेलकट, खारट नाही. म्हणजे सकाळचे उरलेले पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, हे इंदुरी पक्वान्न बाद. गांडूळ ओल्या कातडीतूनच श्वास घेतं आणि मीठ त्या कातडीतलं पाणी ओढून घेतं. पोहे मग पोषणाच्या धड्याला कामी आले. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की निळे-काळे होतात, म्हणजे स्टार्च आहे. दुधीच्या फोडीवर टाकले तर रंग जवळजवळ पालटतच नाही.

गांडुळाला दात नाहीत. साल आधी जिवाणू आणि बुरशी मऊ करतात, मग गांडूळ ते जिवाणूंसकट गिळतं आणि पोटातल्या पेषणीत वाळूच्या कणांनी दळतं. म्हणून मी शेजारणीकडून अंड्याची टरफलं मागून आणली आणि त्यांची पूड टाकली. ही नाक मुरडत होती, पण टरफलानं आंबटपणाही कमी होतो. मधे एकदा वास सुटला. पाणी फार झालं की हवा शिरत नाही. मूठ-दोन मुठी वाळका पाला घातला, गोणपाट दोन दिवस काढून ठेवलं, वास गेला.

सांगाड्याचा धडा मला सगळ्यात आवडला. टरफलाचा एक तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला. बुडबुडे येत राहिले आणि दुसऱ्या दिवशी कॅल्शियम विरघळून नुसता पापुद्रा उरला. कोंबडीचं हाडही असंच काही दिवसांत वाकायला लागतं, कारण कडकपणा क्षारांचा आणि चिवटपणा प्रथिनांचा. मोठ्या माणसाची हाडं 206, झुरळाचं कवच बाहेर, मग गांडुळाचं काय? त्याच्या प्रत्येक वलयात पाणी भरलेलं असतं. पाणी भरलेला लांबट फुगा मधे आवळला की टोकांकडे लांबतो, तसं गोल स्नायू आवळले की गांडूळ लांबट होतं, उभे स्नायू आवळले की आखूड आणि जाड. हाडाचं काम पाणी करतं! गांडूळ जरा वेळ कोरड्या कागदावर ठेवून कान लावला तर खरखर ऐकू येते. ते त्याचे जमीन धरून ठेवणारे बारीक केस. नातीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून हातात घ्यायला घाबरेनाशी झाली. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावला की गांडुळं पळतही नाहीत, लाल उजेड त्यांना जाणवत नाही.

मे महिना मात्र जिकिरीचा. चाळीसच्या वर पारा गेला की टब मोरीजवळच्या सावलीत आणि गोणपाट दिवसातून दोनदा ओलं. पस्तिशीच्या पुढे डब्यात ऊब राहिली की गांडुळं जगत नाहीत.

खत काढायचं तर आधी पाणी बंद करायचं, मग सगळं उजेडात ढीग करून ठेवायचं. गांडुळं खाली जातात, वरून खत काढून चाळायचं. बादल्या भरभरून सालं गेली होती आणि खत निघालं जेमतेम एक पिशवी. नात चिडली, "बाकीचं चोरलं कुणी?" तिच्या प्रकल्पाचं उत्तर इथेच होतं. सालात बहुतेक पाणी, ते उडून गेलं. कर्ब, म्हणजे कार्बन, जिवाणू आणि गांडुळांच्या श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. उरलं ते नत्र, स्फुरद, पालाश आणि न कुजलेला भाग. आपण जेवतो त्याचंही बरंचसं असंच श्वासातून जातं. तिनं वहीत एका पानावर दोन ताटं काढली, एक माणसाचं, एक गांडुळाचं, आणि दोन्हींतून हवेकडे बाण.

बाईंनी ते पान बघून विचारलं, शाळेलाही डबा करून द्याल का? गांडुळं मी देईन म्हटलं, जुनं शेण मात्र शाळेनं आणायचं.