आठवा कोपरा

भाचीच्या खेळण्यांतला एक लाकडी ठोकळा गेले काही दिवस माझ्या टेबलावर आहे. डोळे मिटून तो हातात फिरवला की आठही कोपरे एकामागून एक बोटांना टोचतात. डोळे उघडून पाहिले तर तो कसाही धरला तरी एका वेळी सातांहून अधिक कोपरे दिसत नाहीत, आणि एक बाजू अगदी समोर धरली तर चारच दिसतात. मागचा आठवा कोपरा मला दिसत नाही, पण तो तिथे आहे हे मला ठाऊक असते. हे ठाऊक असणे इंद्रियांनी दिले की बुद्धीने, या प्रश्नाने मला पुन्हा एका जुन्या वादाकडे नेले.

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्याकडे एक कोडे पाठवले. जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने चाचपून ओळखायला शिकला आहे. त्याला अचानक दृष्टी आली, तर स्पर्श न करता, नुसते पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल का? मॉलिन्यू यांची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ पुस्तकी नसावा, असे मला वाटते. त्यांचे स्वतःचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि सर्व ज्ञानाचे मूळ अनुभवात शोधणाऱ्या लॉक यांनी मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हे कोडे घेताना तेच उत्तर मान्य केले. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी मात्र ‘होय’ म्हटले, पण एका अटीवर: समोर घन आणि गोल या दोनच वस्तू आहेत हे त्या माणसाला आधी सांगितलेले असावे. गोलाला कोपरा नाही, घनाला आठ आहेत. तेवढ्यावरून बुद्धी निवाडा करील. नव्या दृष्टीने गोंधळून गेल्यामुळे त्याला हे लगेच जमणार नाही, हेही त्यांनी मान्य केले होते.

या कोड्याची सर्वांत काटेकोर परीक्षा भारतात झाली, याचे मला फार अप्रूप वाटते. मेंदू आणि दृष्टीचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यांपैकी ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच जणांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हाताने चाचपलेला आकार पुन्हा हातानेच ओळखणे त्यांना ९८ टक्के वेळा जमले आणि पाहिलेला आकार पाहून ओळखणे ९२ टक्के वेळा; पण चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखताना हे प्रमाण ५८ टक्क्यांवर आले. दोन पर्यायांतून एक निवडायचा असल्यामुळे हे जवळजवळ अंदाजाने सांगितल्यासारखेच झाले.

दोन वस्तूंपैकी एक आपण चाचपलेलीच आहे, हे मुलांना माहीत होते. म्हणजे लायब्निट्स यांची अट बरीचशी पाळली गेली होती, तरी बुद्धीला पकड मिळाली नाही. माझ्या मते चूक इथे आहे, की ‘कोपरा’ हा हाताला आणि डोळ्याला एकच असतो असे लायब्निट्स यांनी गृहीत धरले. बोटाला कोपरा टोचतो, डोळ्याला तो टोचत नाही. धुरावरून डोंगरावरच्या अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकांनाही, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनाही, व्याप्तीसाठी (जिथे धूर तिथे अग्नी हा अटळ संबंध कळण्यासाठी) आधी स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेला लागतो. या मुलांनी टोचणे आणि दिसणे कधी एकत्र अनुभवलेच नव्हते.

तरीही लॉक यांच्या बाजूने निकाल देऊन मी थांबू शकत नाही. ज्या मुलांची पुन्हा चाचणी झाली, त्यांना कोणतेही खास प्रशिक्षण न देता काही दिवसांतच हे खूपच चांगले जमू लागले. एवढ्या थोड्या काळात दोन परक्या इंद्रियांची सांगड घालणारे काहीतरी आत आधीपासून तयार असले पाहिजे, असे मला वाटते. ‘दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्’ असे न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे: जे मी पाहिले तेच मी आता स्पर्शितो, हे म्हणणारा डोळाही नाही आणि त्वचाही नाही. न्यायसूत्रांचे कर्ते गौतम यांनी त्यावरून आत्मा सिद्ध केला. तेवढे मानायला माझी तयारी नाही. पण ठोकळा हातात घेऊन सात कोपरे पाहताना मागचा आठवा बोटाखाली लागतो, तेव्हा हे दोन्ही एकाच ठोकळ्याचे आहेत असे नेमके कोण ठरवते, याचे उत्तर मला अजून लॉक यांच्याकडेही मिळालेले नाही.