अस्तर सुतीच

बस्ता सुरतला फाडायचा की जळगावात, या एका प्रश्नावर आमच्याकडे ठरलेली लग्नंसुद्धा घटकाभर डळमळतात. सुरतवाल्यांचं म्हणणं, माल तिथूनच येतो, मग मधल्या दुकानदाराला कशाला पोसायचं? रात्री भुसावळकडून येणारी गाडी धरली की सकाळी बाजारात. जळगाववाल्यांचं म्हणणं, फुले मार्केटात ओळखीचं दुकान आहे, चहा पाजतात, नाही आवडलं तर बदलून देतात. शेवटी ज्याचा कापूस त्या साली बऱ्या भावाने गेलेला असतो त्याचं ऐकलं जातं. भाचीच्या लग्नात तो मान माझ्या भावाचा होता. मामाची पिवळी साडी तर त्याच्याकडूनच यायची होती, वर रिसेप्शनचा घागराही त्यानेच अंगावर घेतला. सुरतेहून परतला तो मखमलीचं गाठोडं घेऊन. रंग मरून. लग्न मे महिन्यात, अमळनेरला.

तयार घागरा का नाही आणला, तर नवरीला तो कुठेच बसेना. खांदे रुंद, कंबर बारीक, उंची साडेपाच फुटाच्या वर. दुकानातल्या एस-एम-एलच्या जगात ही पोरगी मावतच नव्हती. मग गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंकडे गेलो. त्यांच्या घराला पाटी नाही. ओट्यावर पायमशीन आहे, त्याच्या टपावर खडूचे तुकडे आणि टाचण्यांची डबी, आणि भिंतीला खिळ्यावर अडकवलेली मापांची वही. ती वही एकदा नीट वाचायला मिळाली तर अर्ध्या गावाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास कळेल. कोणाची कंबर कधी सुटली, कोण आजारातून उठली, कोण बाळंतपणाला माहेरी येऊन गेली, सगळं इंचात. काकू ती वही कोणाला दाखवत नाहीत, हे गावावर उपकार आहेत.

मापं घ्यायला उभी राहिली की प्रत्येक बाई आपोआप पोट आत घेते. भाचीनेही घेतलं. काकूंनी टेप कमरेवरून काढून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोट मझार नको वढू. लगीनमा जेवशी का नही?"

मग तिला जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि कंबर पुन्हा मोजली. बसल्यावर कंबर पसरते, आणि नवरीचा निम्मा दिवस बसण्यातच जातो. मग दोन्ही हात वर करायला लावले. "हार घालशीन ना?" मुंढा घट्ट झाला तर हार नवऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचायच्या आत काखेतली टीप उसवते, हे त्यांनी पाहिलेलं असणार. घागऱ्याची उंची तर घेईचनात. म्हणाल्या, लग्नात घालायची ती चप्पल आण, तिच्यावर उभी राहा, मग घेते. मला वाटतं, ठरल्या दिवसापासून त्या मुलीला इतक्या बारकाईने कोणी काही विचारलं नव्हतं. हॉल, आचारी, बँड, फोटोवाला, सगळं परस्पर ठरलं होतं. इथे मात्र "टोचतं का? खाली वाकून पाहा. आता?" असं तासभर चाललं होतं.

गळ्यावरून जे व्हायचं ते झालं. आईला बंद हवा, पोरीला मागून खोल. काकू दोघींना हो म्हणाल्या आणि पाठीला दोरी लावली. घट्ट बांधली की आईचा गळा, सैल सोडली की पोरीचा.

खरा घोळ मखमलीत निघाला. घागरा सोळा कळ्यांचा धरला होता. कळी वर निमुळती असते आणि खाली रुंद. खाली दहा इंच धरली तरी सोळा कळ्यांचा घेर एकशे साठ इंच, म्हणजे चार मीटर होतो. साध्या कापडावर कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी शेजारी आखतात. एकीच्या निमुळत्या टोकाजवळ दुसरीचा रुंद पाय येतो, म्हणून कापड वाया जात नाही. भावाने दुकानदाराला विचारून याच हिशोबाने कापड फाडून आणलं होतं. पण मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवला की एक रंग, खालून वर फिरवला की दुसरा. उलट-सुलट कापलेल्या कळ्या जोडल्या तर एक पट्टा मरून आणि एक जांभळट काळा दिसतो, जणू दोन वेगळ्या ताग्यांतून घेतलंय. मखमलीच्या सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापाव्या लागतात, आणि तेवढं कापड गाठोड्यात नव्हतं. पन्हा मोजून झाला, खडूने आखून झालं, आखलेलं ब्रशने झटकून पुन्हा आखलं. आठ कळ्यांवर गाडी अडली.

भाऊ पुन्हा सुरतेला निघायच्या तयारीत. काकूंनी त्याला बसवला. म्हणाल्या, आठ मखमलीच्या, आठ रॉ सिल्कच्या, एकाआड एक. रंग तोच, फक्त पोत वेगळा. रॉ सिल्क गावातच मिळालं. वजनही उतरलं. नाहीतर सोळाच्या सोळा मखमली कळ्या कमरेला लटकवून पोरगी तासन्‌तास स्टेजवर उभी राहणार होती. तरीही त्यांनी कमरेच्या पट्टीत कॅनव्हास घातला आणि हूक लावून शिवाय नाडीही ठेवली, कारण हुकावर त्यांचा विश्वास नाही.

आणि मग अस्तर. त्यासाठी त्यांनी आम्हाला मॅचिंग सेंटरला पिटाळलं, चिठ्ठीवर लिहून: टू बाय टू, सुती, पाणी मारायला जास्त धरून. दुकानात पोरगा सॅटिनचं अस्तर दाखवायला लागला. गुळगुळीत, चमकदार, घागऱ्याला शोभणारं. भाचीलाही तेच आवडलं. मी चिठ्ठी पुढे केली. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. दुकानातला पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.

मला तिथे उभ्या उभ्या गंमत वाटली. भावाच्या शेतात कापूस. वाटेवर जिनिंगच्या गेटाबाहेर गाड्यांची रांग. अमळनेरचं नाव ज्या प्रताप मिलमुळे लांबवर गेलं, ती कापडाचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी माहेरी येतात तेव्हा घराघरातल्या गप्पांत कापसाचा भाव पहिला निघतो. आणि त्याच कापसाच्या पैशातून आम्ही सुरतेहून आणतो काय, तर पॉलिस्टर. मखमल पॉलिस्टरची, ओढणीची जाळी पॉलिस्टरची, जरही प्लास्टिकचीच. आमच्या काळ्या मातीतून निघालेला धागा त्या सबंध पोशाखात फक्त अस्तरात सापडायचा होता. फोटोत न येणाऱ्या, पण अंगाला लागणाऱ्या जागी. पोशाख दिसायला कुठलाही असू द्या, खानदेशात उन्हाळ्यात लग्न करायचं तर घामाचा बंदोबस्त आधी, या मताची मी तेव्हापासून कट्टर झाले आहे. नवऱ्या मुलांच्या शेरवान्यांतही कोणीतरी हे लक्ष घालावं. बिचारे मारुतीच्या पारापासून मंडपापर्यंत बँडपुढे नाचून येतात आणि अक्षता पडेपर्यंत वाळत उभे असतात.

सुती अस्तर नुसतं आणून भागत नाही. काकूंनी ते रात्रभर पाण्यात भिजवलं, न पिळता दोरीवर टाकलं, इस्त्री केली आणि मगच कापलं. कोरं सूत पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाउज जागोजाग चुण्या पडून आखडतो. काखेत त्यांनी सुताचा दुहेरी तुकडा लावला, नुसत्या कच्च्या टाक्यांनी. घामाने खराब झाला की उसवून काढायचा आणि दुसरा लावायचा. शालूच्या ब्लाउजलाही तेच. दोन्ही कडांना इंचभर दाब, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडला होता. भाची म्हणाली, एवढा कशाला? काकूंनी तोंडातली टाचणी काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या कमरेकडे एकदा पाहिलं, आणि टाचणी परत तोंडात धरली.

लग्नात पोरगी जेवली. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर जिलबी. हूक टिकला. घागऱ्याच्या एकाआड एक कळ्या दिव्यांखाली अशा काही दिसत होत्या की व्याह्यांकडच्या बायका कळ्यांना हात लावून पाहायला लागल्या. एकीने विचारलं, "हे नवीन डिझाइन निघालं का? कुठून आणलं?"

माझी बहीण काही बोलायच्या आत भाऊ पुढे झाला. "सुरत."

मी त्याच्या मागे उभी होते. पाठ वळल्यावर त्या दोघी-तिघींना मी काकूंचा नंबर दिला. चांगुलपणा नडतो तो असा. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर मी साधा ब्लाउज टाकायला गेले, तर काकूंनी वहीतून मान वर न काढता सांगितलं, "आते आखाजी व्हवू दे, मंग ये."