कुठं निघालाय?

आमच्या घरापासून दहिवडीच्या स्टँडला मी एकटी निघाले तर दहा मिनिटं लागतात. आईबरोबर निघाले तर पाऊण तास. रस्ता तोच. मधली माणसं तिची.

फाटकाची कडी लावतानाच समोरच्या ओट्यावरून पहिला आवाज येतो, "कुठं निघालाय?" मग गिरणीपाशी. मग पिठाचा डबा डोक्यावर घेऊन समोरून कुणीतरी येत असते. डबा जड असतो, तिला थांबायचं नसतं, तरी मान न वळवता ती विचारतेच. स्टँडवर केळीवाला विचारतो. गाडीत बसलं की पुढच्या बाकावरची बाई मागं वळून विचारते, आणि ती तर आमच्या ओळखीचीही नसते.

पुण्याहून लग्न होऊन आलेल्या माझ्या वहिनीला पहिल्या वर्षी याचा फार राग यायचा. ती एकदा "असंच" म्हणाली. "असंच" हे उत्तर आमच्याकडे देऊ नये. "असंच म्हंजे? घरी कुणाला बरं न्हाई का?" इथपासून सुरुवात होऊन गोष्ट तिच्या माहेरापर्यंत गेली. आता तीही शहाणी झाली आहे. कडी लावण्याआधी उत्तर तयार ठेवते.

उत्तर काही का असेना, "फिरायला" हे मात्र चालत नाही. नवं लग्न झालेल्यांना वर्षभर माफी असते. सकाळी रस्त्याच्या कडेनं हात हलवत चालणारे निवृत्त गुरुजी आहेत, पण तेसुद्धा कुणी काही विचारायच्या आत "डॉक्टरनी सांगितलंय" असं सांगून मोकळे होतात. बाकी धडधाकट माणसानं भरल्या घराला कुलूप लावून नुसतं फिरायला जायचं, हे बोलायलाच जड जातं. त्यामुळे आमच्या घराच्या सगळ्या सहली आजवर कामाच्या नावानं झाल्या.

त्यातलं अण्णांचं काम सगळ्यात देखणं. अण्णा पाणी बघायला जातात.

हे समजायला माणदेशात राहायला पाहिजे. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे येतात ते नुसते सावली धरायला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. माझ्या लहानपणी माणगंगेला पाणी आलं की गाव पुलावर लोटायचं. तसं बघण्यासारखं काय असायचं? गढूळ पाणी, त्यात वाहत आलेली बाभळीची फांदी, एखादी चप्पल. पण लोक तासतासभर कठड्याला टेकून उभे. कुणाला घाई नाही. अण्णा मला स्कूटरवर पुढं उभी करून न्यायचे. त्यांच्या खिशात फुटाणे असायचे, ते एकेक करून माझ्या हातावर ठेवायचे आणि पाण्यावरची नजर काढायचे नाहीत.

आता कृष्णेचं पाणी आमच्याकडे येतं. जिहे-कठापूरला उचलायचं, नेरच्या तलावात सोडायचं, तिथून बोगद्यानं आंधळीच्या धरणात. पाणी सुटल्याची बातमी आली की अण्णा इस्त्रीचा शर्ट घालतात. "कुठं निघालाय?" "आंधळीला. पाणी बघून येतो." यावर गावात कुणाची काही हरकत नसते, उलट विचारणारा चप्पल घालून मागच्या सीटवर बसतो. धरणावर जाऊन अण्णा एक ठरलेला दगड बघतात. तो किती बुडाला त्यावरून त्यांचा अंदाज. संध्याकाळी घरी येऊन सांगतात, "परवापेक्षा चार बोटं चढलंय." ऐकणाऱ्याला वाटावं, उद्या उसाची लागण करायची आहे. आमची शेती त्या पाण्याखाली येत नाही. गुंठाभरसुद्धा नाही.

बायकांना मात्र इतकं पातळ कारण पुरत नाही. बाई पाणी बघायला एकटीच धरणावर गेली तर गाव वेगळंच काहीतरी समजेल. त्यांना देव लागतो. त्या बाबतीत आमचा मुलूख श्रीमंत आहे. गोंदवल्याला महाराजांची समाधी, शिखर शिंगणापूरला शंभू महादेव, म्हसवडला सिद्धनाथ, पुसेगावला सेवागिरी, औंधला यमाई. मार्गशीर्षात तर म्हसवडचा रथ आणि पुसेगावचा रथ एकाच महिन्यात, म्हणजे दोनदा बाहेर पडायची सोय. पुसेगावच्या रथावर लोक नोटांच्या माळा घालतात. लांबून बघितलं तर रथ दिसतच नाही, नोटाच चालत आल्यासारख्या वाटतात.

देवाच्या कारणाला एक खोट आहे. "गोंदवल्याला" असं म्हटलं की विचारणारी पुढं काही विचारत नाही, पण पदराची गाठ सोडते आणि दहाची नोट हातावर ठेवते. "माझ्या नावानं टाक पेटीत." आता खरोखरच जावं लागतं. माझी आई एकदा गोंदवल्याचं सांगून निघाली होती, मनात भाचीकडे जायचं होतं. कोपऱ्यापर्यंत पोचेतो तिच्याकडे सत्तर रुपये जमले. भाचीकडे जाणं राहिलं. दर्शन झालं, महाप्रसादाच्या पंक्तीत जेवण झालं, दुपारी समाधीमंदिराच्या ओवरीत थोडं लवंडणंही झालं, आणि संध्याकाळी सात घरी अंगारा वाटत फिरावं लागलं.

मग १७ मार्च २०२३ उजाडला. त्या दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आदल्या ऑगस्टात पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास सुरू झाला होताच. सरकारनं काय विचार करून केलं ते असो, आमच्या घरात त्याचा अर्थ असा झाला की आई हाफ, मी हाफ, वहिनी हाफ आणि आत्या फुकट. आत्या आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून, ती कनवटीला ठेवते. कंडक्टर आला की सावकाश रबर काढते, तोवर सगळी गाडी थांबल्यासारखी होते. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. ते ती फेकत नाही. घरी देवाच्या फळीवर एका डबीत ठेवलेली आहेत. मी मोजली नाहीत, पण डबी आता बंद होत नाही.

औंधला गेलो ते याच डबीमुळे. आत्या म्हणाली, यमाईची ओटी राहिलीय. कधीपासून राहिलीय ते तिलाही सांगता आलं नसतं. वडूजला गाडी बदलून औंध. डोंगरावर मूळपीठाचं दर्शन झालं, ओटी भरली, काम संपलं. तेव्हा अकरा वाजले होते. काम संपल्यावर माणूस एकदम मोकळा होतो, पण परतीची गाडी दुपारची होती. म्हणून आम्ही श्री भवानी वस्तुसंग्रहालयात शिरलो. नाहीतर शिरलो नसतो, हे कबूल करते.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. स्वतः चित्रं काढणारा राजा, तेव्हा नजर होती. एवढ्या लहान गावात रवि वर्मांची चित्रं आहेत. सैरंध्रीच्या चित्रापुढं आई फार वेळ थांबली. मला वाटलं, तिला तिचा चेहरा आवडला. पण ती म्हणाली, "निऱ्या बघ कशा बसल्यात." आणि तिथल्या तिथं स्वतःच्या निऱ्या नीट करून घेतल्या.

आत्या पुढं गेली होती. ती एका लहानशा दगडी शिल्पापुढं उभी होती, आई आणि मूल. हेन्री मूरचं. जगभरच्या मोठमोठ्या शहरांत ज्याची शिल्पं बघायला लोक तिकीट काढून जातात, त्याचं एक इथं औंधात, डोंगराच्या अंगावर. मी मला येत होतं तेवढं तिला सांगितलं.

"कुठनं आणली म्हणालीस?"

"इंग्लंडहून."

आत्यानं वाकून बघितलं. मग पदर सावरत म्हणाली, "एवढ्या लांबनं पोरगं घेऊन आलीय म्हंजे बाईचं कायतरी कामच असंल हितं."

आता मागच्या थंडीतली गोष्ट. येरळवाडीच्या तलावावर रोहित पक्षी उतरल्याचं कुणीतरी मोबाइलवर टाकलं. गुलाबी पंख, काडीसारखे पाय. आईनं तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "खरंच एवढं गुलाबी असतंय का ते, का मोबाइलच तसं दाखवतोय?" तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल जाऊ. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "पण तिकडं काम काय आहे?"

काहीच नव्हतं. येरळवाडीत आमचं कुणी नाही. बाजार नाही करायचा, नवस नाही. ती रात्रभर कारण शोधत असावी. सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून तयार होती, पण चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या पोराचा भाव. समोरचा ओटा त्या दिवशी नेमका रिकामा होता. गिरणी बंद. मला वाटलं, सुटलो.

स्टँडवर फलाटापाशी शेजारच्या काकू उभ्या. "कुठं निघालाय सकाळी सकाळी?"

आई माझ्याकडं बघायला लागली. मी मुद्दाम गाडीची पाटी वाचत राहिले. तेवढ्यात आईच्या तोंडून निघून गेलं, "वडूजला. दवाखान्यात."

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. असंच," आई म्हणाली, आणि मी डोळे मिटले.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पक्षी लांब होते, पाण्याच्या पार पलीकडच्या कडेला. आधी नुसती पांढरट रेघ दिसत होती. आईनं कपाळावर हात धरला. "पांढरीच आहेत की." तिचा आवाज एवढा पडला, की मला तिला इतक्या लांब आणल्याचंच वाईट वाटायला लागलं. मग कशानं कोण जाणे, त्यातले वीस-पंचवीस एकदम उठले. पंख उघडले तशी आतली सगळी गुलाबी बाहेर आली, काळ्या काठासकट. आईच्या हातात दशमीचा तुकडा होता तो तसाच राहिला. ते वळसा घालून पुन्हा खाली बसेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "इरकलीला असला रंग बघितला होता मी. फार वर्षं झाली. घेतली नाही तेव्हा."

दुपार तिथंच गेली. एक गुराखी आला. त्यानंही "कुठनं आलाय, काय काम?" विचारलं, आणि आई ताठ मानेनं "पक्षी बघायला" म्हणाली. परक्या गावात तिला धीर येतो.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटकातच अण्णा उभे. "अगं, तुला काय होतंय ते मला तरी सांगायचं. चार जण विचारून गेले." ओट्यावर झाकण घातलेली तीन पातेली होती. एकात मऊभात, एकात मुगाचं कढण, तिसऱ्यात काय होतं ते बघायच्या आत काकूंचा आवाज रस्त्यावरूनच आला, "आल्या का गं? काय म्हणाला डॉक्टर?"

आईनं दशम्यांचा रिकामा डबा माझ्या हातात कोंबला. पदर डोक्याभोवती घट्ट आवळला आणि चपला न काढताच आत जाऊन पलंगावर आडवी झाली.