त्रिज्येचा वर्ग आणि ताटभर कुरमुरे

आज बडोद्याच्या दांडिया बाजारात ताईकडे गेले तर भाची गणिताचं पुस्तक घेऊन तोंड फुगवून बसलेली, प्रश्न असा की सिलिंडरची त्रिज्या डबल नि उंची अर्धी केली तर घनफळ किती पट, आणि बाईसाहेबांचं म्हणणं सेमच राहणार, एक डबल एक अर्धं, फिट्टंफाट! अगं पण सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे ना, चारपट भागिले दोन, म्हणजे दुप्पट. पटेचना. मग ए४ चे दोन कागद घेतले, एकाची उंच नळी एकाची बुटकी जाडी, उंच नळी जाडीच्या आत उभी करून कुरमुऱ्यांनी काठोकाठ भरली आणि अलगद वर ओढली तर कुरमुरे सगळे खाली बसले नि वर चांगली जागा रिकामी! (लीलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर बटाट्याचा चिवडा, घेणार होतो पण तेलाने कागदाची वाट लागली असती.) कागद तेवढाच, तरी १०४२ घन सेंमी कुठे नि १४७४ कुठे, जवळपास १.४१ पट.

पुढचं तिनेच सोडवलं, त्रिज्या १० टक्के वाढवून उंची १० टक्के घटवली तर ८.९ टक्के वाढ, उलट केलं तर १०.९ टक्के घट. ताईला मात्र सोफ्याखाली गेलेल्या कुरमुऱ्यांचंच पडलेलं 😄