स्मॅश मारताना दुखणारा खांदा: माझे आठ महिने

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. संध्याकाळी व्हॉलीबॉल. बारा वर्षं स्मॅशर, उजव्या हाताचा. फेब्रुवारीत स्मॅशसाठी हात मागे नेला की खांद्याच्या मागच्या अंगाला खोल कुठंतरी कळ यायला लागली. जेवताना, गाडी चालवताना काही नाही. आमचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी मला चेंडू उचलून देणारा, म्हणाला, "म्हातारा झालास की बे!"

पहिले दोन महिने वायाच गेले. तेल चोळलं, गोळ्या खाल्ल्या. एका दवाखान्यात शर्टही न काढता 'फ्रोजन शोल्डर' सांगून मोकळे झाले. ते दुखणं बहुतेक चाळिशीनंतरचं, आणि त्यात दुसऱ्यानं उचलला तरी हात वर जात नाही. माझा तर आरामात कानाला टेकत होता. पण तेव्हा हे कुठं ठाऊक? मग एमआरआय. रिपोर्टात लेब्रम, म्हणजे सांध्याच्या उखळीची कड, फाटल्याची शंका लिहिलेली. रात्रभर ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब करत पडलो होतो.

खेळाडू तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी बनियन काढायला लावलं. खांद्याच्या पात्यावर बोटं दाबून खड्डा पडलाय का पाहिलं. व्हॉलीबॉलवाल्यांची तिथली नस कधी कधी दबते आणि स्नायू न दुखता वाळतो म्हणे. माझा शाबूत होता. "असे एमआरआय न दुखणाऱ्या खेळाडूंचेही येतात. तीन महिने फिजिओ करा, मग बोलू."

खरा उलगडा फिजिओ मॅडमच्या टेबलावर झाला. उताणा झोपवलं, हात बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. खांदा पुढून दाबून धरला आणि तळहात पायांच्या दिशेनं खाली नेला. डावा ६२ अंशांपर्यंत गेला. उजवा ३४ वर अडला, पुढं हलेना. उलट्या दिशेला, डोक्याकडे, उजवा १०२ आणि डावा ९२. मॅडम म्हणाल्या, "मारायचा हात मागे जास्त जातो, ते चालतं. पण दोन्हीकडची बेरीज जवळपास सारखी पाहिजे. तुमची उजवीकडे १३६, डावीकडे १५४." सांध्याची मागची बाजू आखडली होती. शिवाय हात वरून खाली आणताना उजवं पातं पाठीवरून पंखासारखं उचलत होतं. मोबाईलवर मागून काढलेला व्हिडिओ दाखवला तेव्हा मलाच किळस आली.

स्मॅश आणि वरून सर्व्हिस सहा आठवडे बंद. मे महिना, त्यामुळे पहाटे साडेपाचला गच्चीवर. पातं भिंतीला टेकवून उजवा हात छातीवरून आडवा ओढायचा, तीस सेकंद, पाच वेळा. कुशीवर झोपून काखेत टॉवेलची गुंडाळी धरायची आणि एक किलोचा डंबेल बाहेर फिरवायचा. टॉवेल तर आमच्याकडे सेकंडचे, म्हणजे दोष निघालेले, ढीगभर! भिंतीवरच्या पुश-अप्समध्ये शेवटी पाठ आणखी थोडी बाहेर ढकलायची, ते पात्यासाठी. कंटाळा इतका, की दोनदा सोडून दिलं. मॅडमना लगेच कळलं, कोन तिथंच अडकलेला. एका पायावरच्या बैठका कशाला, असं मी वैतागून विचारलं. "जोर पायातून, कमरेतून येतो. तो कमी पडला की खांदा भरून काढतो." माझ्या उडीतच आळस होता, हे ऐकून घ्यावं लागलं.

जुलैत उजवा ५१ वर आला. मग एक दिवस आड वीस हलके फटके, तेही जमिनीवर उभं राहून. दुखलं नाही तर पुढच्या वेळी थोडे जास्त. उडी मारून पूर्ण जोरानं स्मॅश सप्टेंबरच्या शेवटी.

आता एका सरावात पन्नासच. पूर्वी शंभर-सव्वाशे कधी व्हायचे, मोजलेच नव्हते. मोजायचं काम सेटरकडे दिलंय. पन्नासावा झाला की तो मागच्या मागे चेंडू दुसऱ्या टोकाला देतो, मी कितीही ओरडलो तरी.